रिकामी हाळी

कसबा बावडा, कोल्हापूर
१८ ऑगस्ट २०२४

तेजस्वी,

आधी आशीर्वाद घे, मग बाकीचं वाच. तुझ्या या चुलत्याला पत्र लिहायची सवय नाही. शाळा सुटल्यापासून मी हातानं लिहिलं ते फक्त स्वतःचं नाव, तेही सहीपुरतं. पण आता करणार काय? मे महिन्यात ऑपरेशन झालं, तू दवाखान्यात येऊन गेलीसच. गळ्यातली आवाजाची पेटी डॉक्टरांनी काढून टाकली. तंबाखूनं एवढी वर्षं सोबत केली आणि शेवटी पेटी घेऊन गेली. आता गळ्याला भोक आहे. तुझी काकी त्यावर रोज धुतलेलं फडकं बांधते. श्वास तिथूनच येतो-जातो. त्यामुळं शीळसुद्धा वाजत नाही, तोंडात वाराच येत नाही की.

तू फोन करतेस. आमचा पोरगा यशराज माझ्या कानाला लावून देतो. तू तिकडून विचारतेस, "तात्या, बरं हाय न्हवं?" आणि मी इकडं मान हलवतो. ती काय तुला दिसते होय? म्हणून म्हटलं, पत्र बरं. पत्रात दोघंही सारखेच मुके. मोबाईलवर टाईप करायला गेलो तर माझं एक बोट तीन-तीन अक्षरांवर पडतं. तूही कागदावरच लिही. काकी मोठ्यानं वाचून दाखवते.

गळ्याला लावायचं एक यंत्र यशराजनं आणलंय. ते लावलं की माणूस बोलतो, पण सिनेमातल्या यंत्रमानवासारखा. पहिल्याच दिवशी गोठ्यात जाऊन हौसेनं बोललो तर म्हशी बिथरल्या, एकीनं दावं तोडलं. काकी हसून हसून खाली बसली आणि मग तिनं पदर डोळ्याला लावला. तेव्हापासून यंत्र फळीवर आहे.

पाखरीचं सांगतो. बाकीच्या म्हशी कुणाच्याही मागं जातात, पण ती माझ्या हाळीशिवाय हलत नाही हे तुला माहीत आहे. नदीकडच्या रानात सोडली आणि मी बांधावरून हाळी दिली की कुठनंही पळत यायची. आता यशराज घसा फोडून हाका मारतो. ती त्याच्याकडं बघते, पावणं कोण आलंय म्हणून, आणि त्याच्या पाठीमागं मला शोधते. मी तिथंच उभा असतो. टाळ्या वाजवतो. पण नुसत्या टाळ्यांवर ती कशी येईल?

त्यात एकच गोष्ट बरी झाली. गेल्या पाडव्याला तू आली होतीस तेव्हा माझी हाळी मोबाईलमध्ये भरून घेतलीस. ती आता तुमच्या "हाळी दूध"च्या टेम्पोवर वाजते. रोज सकाळी ज्ञानू ड्रायव्हर गल्लीत शिरला की कर्ण्यातनं मी ओरडतो, "आऽऽव गं, हुर्रेऽ हुर्रे!" आणि शेवटी जिभेचा तो टॉक्. बायका भांडी घेऊन बाहेर येतात. मी कट्ट्यावर बसून स्वतःलाच ऐकतो. पोरी, काय आवाज होता माझा! कारखान्याच्या भोंग्याशी स्पर्धा करायचो ते खोटं नव्हतं.

आता मुद्दा. दिवाळीचा पाडवा येतोय. आपल्याकडं त्या दिवशी म्हशी नटवून पळवतात, मालक गाडीवर पुढं आणि म्हस त्याच्या आवाजामागं. गावभर लोक बघायला उभे असतात. पंचवीस वर्षं माझी एकही म्हस मागं राहिलेली नाही. यशराज म्हणतो, गाडीला स्पीकर बांधू, तात्यांची हाळी लावू, पाखरी येते का न्हाय बघू. पण तू कागदावर माझी सही घेतलीस तेव्हा म्हणाली होतीस, ही हाळी आता कंपनीचा ट्रेडमार्क होणार. म्हणून विचारतो. मला वाजवता येईल का? पाखरीनं एकदा माझ्या आवाजामागं पळावं, एवढंच मनात आहे. दुसरं काही मागणं नाही.

आणि ट्रेडमार्क म्हणजे नक्की काय तेही नीट लिही. "माझ्या आवाजाचा ट्रेडमार्क हुतोय" असं मी ऑपरेशनच्या आधी अख्ख्या बावड्यात सांगून बसलोय. कुणी पुढं विचारलं, "म्हंजी काय?" की माझी पंचाईत.

तुझा,
आकारामतात्या


पुणे
२ सप्टेंबर २०२४

तात्या,

तुमचं पत्र ऑफिसात आलं आणि मी सगळ्यांना पाकीट दाखवत फिरले. इथं कुणाला पत्र येत नाही. (हो, "फिरले". "फिरलो" म्हटलं की इथं लोक अजून माझ्याकडं बघत राहतात. कोल्हापुरात बायका तसंच बोलतात हे सांगून सांगून थकले. तुमच्याशी बोलताना मात्र आपोआप "येतो, जातो"च येतं.)

ट्रेडमार्कचं सांगते. घेणाऱ्याला माल कुणाचा आहे हे ज्यावरून कळतं, ती खूण म्हणजे ट्रेडमार्क. नाव असेल, चित्र असेल, रंग असेल, आवाजही असेल. आपल्याकडं गुळाच्या ढेपेवर कागद चिकटवलेला असतो ना, घेणारा तो बघून म्हणतो, ह्याच गुऱ्हाळाचा द्या. तसंच. लोक बोलताना तो शब्द कशालाही लावतात, अमक्याचं हसणं म्हणजे त्याचा ट्रेडमार्क, तमकीचा झुणका म्हणजे तिचा. ते बोलण्यापुरतं. कायद्यात त्याला मालक लागतो आणि धंदा लागतो. नावाशेजारी बारीक टी-एम लिहिलेलं असलं तर त्याचा अर्थ, आम्ही या खुणेवर हक्क सांगतोय. गोलातला आर म्हणजे सरकारदरबारी नोंद झाली. नोंद नसताना आर छापला तर तो गुन्हा आहे. आवाजाची नोंद करायची तर छोटा तुकडाच द्यावा लागतो, म्हणून आम्ही तुमची हाळी कापून तेवढीच ठेवली.

नोंदीआधी ती सगळ्यांसाठी जाहीर करतात आणि हरकत घ्यायला चार महिने देतात. ते चार महिने आत्ता चालू आहेत. आणि इथंच घोळ आहे. दुसऱ्या एका दूधवाल्यांची कुजबुज माझ्या कानावर आलीय की अशी हाळी कोल्हापुरातला कुठलाही गवळी देतो, ती एकट्या कंपनीची कशी? खूण सगळ्यांच्याच तोंडी आहे असं ठरलं तर ती खूणच राहत नाही. पाडव्याला तिथं शेकडो मोबाईल व्हिडिओ काढत असतात. आपली हाळी कुणाच्याही गाडीवर वाजते असं त्यात दिसलं, तर त्यांच्या हातात आयता पुरावा.

म्हणून तात्या, यंदा नको. मला वाईट वाटतंय, पण दोन वर्षांची मेहनत आहे. मी आणि माझा भागीदार मोहित, दोघांनीही नोकऱ्या सोडून हे काढलंय. तुम्हाला गावासमोर मिरवायची हौस आहे ती मला कळते. पुढच्या पाडव्याला नोंद झालेली असेल, मग आपण कंपनीतर्फेच दणक्यात करू. तुम्हाला पुढं बसवू.

गळ्याची काळजी घ्या. काकीला सांगा, मी दिवाळीत यायचा प्रयत्न करते.

तुमची,
तेजस्वी


कसबा बावडा
२१ सप्टेंबर २०२४

तेजस्वी,

पत्र पोचलं. काकीनं दोनदा वाचलं. नको तर नको. तुझं काम आहे, त्यात तात्यानं पाय घालू नये.

ट्रेडमार्क मात्र आता मला पक्का समजला. परवा कट्ट्यावर धैर्यशील मास्तरांना कागदावर लिहून दाखवला, टी-एम कधी आणि आर कधी. मास्तर म्हणाले, "तात्या, बोलत हुता तवा एवढं ग्यान न्हवतं तुमच्याकडं." चेष्टेवारी नेतात. मीही हसलो. माझं हसणं आता ऐकू येत नाही, नुसतं पोट हलतं.

मिरवायची हौस म्हणालीस ते खोटं नाही. हौशी माणूस आहेच मी. पण पाखरीचं तसं नव्हतं गं. असो.

एक गंमत सांगतो, तुला आवडेल. टेम्पो गल्लीच्या तोंडाला आला आणि हाळी वाजली की पाखरी कान टवकारते, दावं ताणते आणि चक्क पान्हा सोडते! धारेला बसायच्या आधीच सडातनं दूध टपकायला लागतं. म्हणजे तिनं मला ओळखलं की नाही? ज्ञानूही माणूस चांगला आहे. आपल्या दारात जरा जास्त थांबतो. काकी म्हणते, दूध वाया जातंय. मी हातानं खुणावलं, जाऊ दे दोन ओंजळी.

बाकी ठीक. यशराज गाडीचा सायलेन्सर काढायच्या मागं लागलाय. पाडव्याला तो स्वतःच हाका मारणार आहे.

तुझा,
तात्या


पुणे
१४ ऑक्टोबर २०२४

तात्या,

पाखरीचं वाचून अंगावर काटा आला! मी तो भाग मोहितला वाचून दाखवला, तो खुर्चीतून उठलाच. म्हणाला, ही तर आपली जाहिरात आहे. मालकाचा आवाज ऐकून म्हैस पान्हा सोडते, याहून चांगलं काय दाखवणार? दिवाळीनंतर कॅमेरावाला पाठवते. तुम्ही नेहमीसारखे कट्ट्यावर बसा, टेम्पो येऊ दे, पाखरीचे कान दिसू देत. बास.

ज्ञानूंना मी फोन करून सांगितलंय की तात्यांच्या दारात हवं तेवढं थांबा, हवी तेवढी हाळी वाजवा. मालकीणबाईंची परवानगी आहे म्हणावं.

दिवाळीत मात्र जमत नाहीये. पुण्यात सणाच्या दिवसांत दुधाची मागणी तिप्पट होते, आणि आम्ही माणसं किती? काकीसाठी साडी कुरिअरनं पाठवलीय. रागावू नका.

तुमची,
तेजस्वी


कसबा बावडा
१२ नोव्हेंबर २०२४

तेजस्वी,

काकीनं साडी नेसली पाडव्याला. छान दिसली.

कॅमेरावाला पाठवू नको. का, ते सांगतो.

पाडव्याला आम्ही पाखरीची शिंगं रंगवली, मोरपिसं बांधली, गळ्यात कवड्यांची माळ घातली. पाठीवर यशराजनं केस कातरून तिचं नाव काढलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूला माणसं. आमची पाळी आली. यशराजनं गाडी रेमटवली आणि ओरडत पुढं निघाला. पाखरी उभी. तो परत आला, पुन्हा निघाला. पाखरी उभी. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मी तिच्या पाठीवर हात ठेवून होतो. मला वाटलं, तिचा काय दोष? तिला तिची हाळी मिळालेली नाही.

तेवढ्यात काय झालं, तुमचा टेम्पो तिथंच कोपऱ्यावर दूध विकायला उभा होता. ज्ञानूनं बघितलं की तात्याची म्हस अडलीय. त्याला राहवलं नाही. त्यानं कर्णा पूर्ण आवाजात सोडला. "आऽऽव गं, हुर्रेऽ हुर्रे!" सगळा रस्ता टेम्पोकडं वळला. माझा आवाज ऑपरेशननंतर बऱ्याच जणांनी पहिल्यांदा एवढा मोठा ऐकला. दोन-चार म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. मी पाखरीकडं बघत होतो.

तिनं कानसुद्धा हलवला नाही. रवंथ करत उभी राहिली.

ज्ञानूनं दुसऱ्यांदा लावली, तिसऱ्यांदा लावली. मीच हातानं खूण करून बंद करायला लावलं. गर्दीतनं कोण तरी म्हणालं, "तात्या, म्हस भैरी झाली काय?" लोक हसले. म्हशीला दावं लावून मी घरी चालत आलो. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा.

म्हस बहिरी नाही. काय झालंय ते मला त्याच वाटेवर कळलं, आणि ते मी केलंय. तुला मागच्या पत्रात एक लिहिलं नव्हतं. ज्ञानू आपणहून थांबत नव्हता. मी थांबवत होतो. सकाळी टेम्पो आला की मी बोट वर करायचो, म्हणजे अजून एकदा. पुन्हा बोट, अजून एकदा. तुझा फोन आल्यावर तर त्याला धरबंधच राहिला नाही, परत जातानाही दारात थांबून वाजवायचा. मला माझा आवाज पाहिजे होता, तेजस्वी. बास, एवढंच कारण. डोळे मिटून ऐकलं की वाटायचं, मी अजून ओरडतोय.

आणि आत गोठ्यात ती दाव्याला बांधलेली. सुरुवातीला ती धडपडायची, पान्हा सोडायची. हाळी आली म्हणजे तात्या आला, हातात पेंडीची मूठ आली, पाठीवर थाप आली. पण कुणीच यायचं नाही. मी बाहेर कट्ट्यावर माझ्याच कौतुकात बसलेलो. दसऱ्याच्या आसपास तिचा पान्हा थांबला होता. काकीनं सांगितलंही होतं, "आता सोडत न्हाय बघा ती." मी मनात म्हटलं, हवा बदललीय.

आपल्या घरात गवळीपणा शिकताना पहिली गोष्ट हीच शिकवतात, की रिकामी हाळी द्यायची नाही. हाक मारलीस तर तिथं हजर राहा आणि हातात काही तरी असू दे. तुझ्या बापाला आणि मला आमच्या म्हाताऱ्यानं याच्यावरून झोडपलंय. गंमत म्हणून हाळी दिली होती आम्ही. एवढं माहीत असून मी सबंध पावसाळा रोज सकाळी रिकामी हाळी देत बसलो.

तू तुझ्या जागी बरोबर होतीस. पाडव्याला गाडीवर वाजवली असती तरी ती आली नसती. मग निदान ते आपल्या घरच्या गाडीवर घडलं असतं, एवढाच फरक.

आमच्या गल्लीत टेम्पोनं हाळी वाजवू नये एवढं सांग. ज्ञानूला बोलू नको, त्यानं मायेपोटी केलं.

तुझा,
तात्या


पुणे
१९ जानेवारी २०२५

तात्या,

दोन महिने उत्तर दिलं नाही. रोज कागद घ्यायचे आणि "तात्या" लिहून थांबायचे. तुमच्या गल्लीतली हाळी मी पत्र मिळालं त्याच दिवशी बंद केली. मग पंधरवड्यानं सगळ्या बावड्यातली केली. मोहित चिडलाय. चिडू दे.

नोंद झाली. चार महिन्यांत कुणीच हरकत घेतली नाही. ती कुजबुज म्हणजे कुजबुजच होती. प्रमाणपत्र घ्यायला वकिलांकडं गेले तेव्हा सहज म्हणून विचारलं, की ज्यांचा आवाज आहे त्यांनी पाडव्याला स्वतःच्या म्हशीसाठी वाजवला असता तर काही बिघडलं असतं का? ते हसायलाच लागले. म्हणाले, "अहो, म्हैस हाकणं म्हणजे दूध विकणं नव्हे. धंद्यात दुसऱ्यानं वापरला तर प्रश्न. ज्याचा आवाज त्यालाच तुम्ही बंदी घातलीत?" मी त्यांना ऑगस्टमध्ये विचारलंच नव्हतं. मला वाटलं, मला कायदा कळतो. एक फोन करायचा होता, तात्या. तुम्ही मागितलं होतं तरी काय?

आणि तुम्ही पत्रात लिहिलंत "मी केलंय", ते वाचून जास्त वाईट वाटतं. ऑगस्टमध्ये हो म्हटलं असतं तर तेव्हा पाखरी अजून कान टवकारत होती. तुम्ही तेव्हाच तिला रानात सोडून, हातात पेंड घेऊन, स्पीकरवर बोलावलं असतं. ती आली असती. हे मला तुमच्या पत्रातल्या तारखांवरून कळतंय आणि ते डोक्यातून जात नाही. मी तुमच्या आवाजाला मालक शोधत बसले आणि तो कुणासाठी होता ते विसरले. मला माफ करा म्हणायलाही लाज वाटते.

सोबत एक छोटा स्पीकर पाठवतेय. बटण दाबलं की वाजतो. त्यात कंपनीचा कापलेला तुकडा नाही, त्या दिवशी मोबाईलवर घेतलं ते अख्खं आहे. मी स्वतः ते पुन्हा ऐकलं नाही, धीर झाला नाही. कुणालाही न विचारता, कुठंही, कधीही वाजवा.

एक वाटतं. काही आठवडे पाखरीला काहीच ऐकू येऊ देऊ नका. मग रानात नेऊन, पेंड हातात घेऊन, एकदाच वाजवून बघा. कदाचित येईल.

तुमची,
तेजस्वी


कसबा बावडा
९ मार्च २०२५

तेजस्वी,

माफी वगैरे काय लिहितेस? दोघांनीही एकाच म्हशीला फसवलं, हिशेब बरोबर झाला. तू पोटच्या पोरीसारखी आहेस आणि राहशील.

तू सांगितलंस तसं केलं. स्पीकर आला तो फळीवर ठेवून दिला, हात लावला नाही. माझ्या मनाची किती ओढाताण झाली ते काकीला विचार. काल पाखरीला नदीकडच्या रानात सोडली. हातात पेंड घेतली, त्याच बांधावर उभा राहिलो आणि बटण दाबलं. हाळी झाली. मी पेंडीचा हात पुढं धरून उभा. ती चरत होती, चरतच राहिली. एकदा मान वर केली, पण ती माशी उडवायला.

मी पुन्हा बटण दाबलं नाही. हाळी आणखी एकदा रिकामी जाऊ द्यायची नव्हती. संध्याकाळी काकीनं घराच्या मागच्या दारातनं बादलीची कडी वाजवली तर पाखरी पळत आली. म्हणजे तिनं दुसरी खूण शोधली. काकी रोज त्या बादलीतनंच तिला पेंड घालते, एक दिवस चुकली नाही. मला थोडा राग आला, खरं सांगतो. मग बरंही वाटलं. म्हशीला कुणाच्या तरी हाकेला पळत यायला मिळतंय.

माझी हाळी काही परत येणार नाही. ते मी धरून चाललोय. रात्री बांधावरचा विचार करत जागा राहिलो नाही, झोप लागली. पण आज सकाळी जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय राहवेना.

आज सकाळी मी सोप्यात बसलो होतो. स्पीकर मांडीवर. म्हटलं, आता म्हशीचा काही संबंध नाही, आपण आपलं ऐकू. हळू आवाजात लावला. हाळी झाली, टॉक् झाला. टेम्पोवर इथंच संपायचं, म्हणून मी बंद करायला बोट नेलं. पण हे तू अख्खं पाठवलेलं. ते पुढं चालूच राहिलं. म्हशीच्या खुरांचा आवाज आला, तुझं हसणं आलं. आणि मग मी ओरडलो, कर्ण्यासारखा नाही, घरातल्यासारखा. "चिमणेऽ! आगं चा टाक की, पोरगी आलीया पुण्यासनं!"

आतनं चुलीपाशी तुझी काकी होती. तिनं लगेच ओ दिली.

"टाकलाय की! बोंबलतायसा कशाला, भैरी हाय काय मी?"

अगदी पूर्वीसारखी, वैतागून. मग भाकरी थापायची थांबली. थोड्या वेळानं ती दारात येऊन उभी राहिली, दोन्ही हात पिठाचे. माझ्याकडं बघितलं, मांडीवरच्या स्पीकरकडं बघितलं. चूल पेटलेली होती, पण चहा काही टाकलेला नव्हता.

तेजस्वी, चाळीस वर्षं मी त्या बाईला हाका मारल्या. त्यातल्या निम्म्या उगाच. म्हशीच्या हाळीची एवढी हळहळ केली आणि हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं, की या घरात आणखी एक जण माझ्या हाकेची वाट बघतंय. तिनं एकदाही तसं म्हटलं नाही.

मी बोटानं खूण केली, पुन्हा लावू का? माझी बोट वर करायची खोड तुला माहीतच आहे आता. मला वाटलं, तिला पाहिजे असेल. मला तर पाहिजेच होतं.

तिनं पिठाच्या हातानंच स्पीकर उचलून घेतला, पदरात गुंडाळला आणि म्हणाली, "परत लावू नगासा. मला सवय हुईल त्येची."

तुझा,
तात्या